सीओपीडीच्या रुग्णाने सिगारेटऐवजी व्हेप ओढावे का?

प्रश्न एका मुलीचा आहे. वडील 62 वर्षांचे, एसटीतून निवृत्त, सातारा जिल्ह्यात राहतात. तीस-पस्तीस वर्षांची सिगारेट, सध्या दिवसाला बारा-पंधरा. दोन वर्षांपूर्वी सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याच्या फुफ्फुसाच्या आजाराचे निदान झाले. इनहेलर आणि डेरिफायलिनची गोळी रोज चालू आहे. भाऊ इंग्लंडमध्ये असतो. तिथे सरकारी दवाखान्यातच सिगारेट सुटावी म्हणून व्हेप (इलेक्ट्रॉनिक सिगारेट) घ्यायला सांगतात, असे त्याचे म्हणणे, आणि येत्या सुट्टीत तो एक यंत्र बरोबर आणणार आहे. बाबांना ते द्यावे का?

आधी उत्तर सांगतो. भावाला व्हेप आणू देऊ नका. सिगारेट मात्र पूर्ण बंद झालीच पाहिजे. त्यासाठीची औषधे भारतात उघडपणे मिळतात आणि ती पुरेशा मात्रेत, नीट वापरली तर बहुतेकांचे व्हेपवाचून भागते. पण भावाला वेड्यात काढू नका. तो राहतो त्या देशापुरते तो बरोबर बोलतोय.

ब्रिटनमधली भूमिका अशी आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 च्या अहवालात म्हटले की व्हेपमुळे होणारी दीर्घकालीन हानी धूम्रपानाच्या हानीच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त असण्याची शक्यता कमी आहे. 2023 मध्ये तिथल्या सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना फुकट व्हेप देण्याची योजना जाहीर केली. यामागचा विचार सरळ आहे. फुफ्फुस खराब होते ते तंबाखू जळल्याने. झुरका मारताना सिगारेटचे टोक 900 अंशांच्या आसपास तापते, आणि त्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात, त्यांतली सत्तरेक कर्करोगकारक. शिवाय डांबरासारखा चिकट टार आणि कार्बन मोनॉक्साइड. निकोटिन सवय लावते, नाडी वाढवते, पण श्वासनलिका कुरतडण्याचे मुख्य काम त्याचे नाही. व्हेपमध्ये काही जळत नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वादद्रव्ये यांचे द्रावण तापलेल्या तारेवर उडते आणि त्याचा फवारा आत जातो. दगडापेक्षा वीट मऊ, इतका हा हिशेब आहे.

मात्र हा 5 टक्क्यांचा अंदाज धूम्रपान करणाऱ्या सर्वसाधारण माणसाबद्दलचा आहे. ज्याच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या, अरुंद झालेल्या आणि कफाने भरलेल्या आहेत अशा माणसासाठी वेगळा मोजून काढलेला तो आकडा नव्हे. प्रोपिलीन ग्लायकॉलने घसा कोरडा पडतो, खोकला येतो, काहींच्या छातीत घरघर वाढते. तार जास्त तापली किंवा द्रावण संपत आले की फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलीन तयार होतात, आणि हे दोन्ही श्वासनलिकेच्या अस्तराचे शत्रू. आजच्या रूपातले व्हेप 2003 च्या सुमारास चीनमध्ये होन लिक या औषधतज्ज्ञाने बनवले. सीओपीडी व्हायला वीस-तीस वर्षे लागतात, त्यामुळे फक्त व्हेप ओढत म्हातारी झालेली पिढी अजून जगात कुठेच नाही. सीओपीडीच्या उपचारांची जगभर वापरली जाणारी गोल्ड ही मार्गदर्शिका व्हेपबद्दल हात आखडता घेते ते याचमुळे.

फॉरवर्ड होऊन येणाऱ्या दोन भीतींचे उत्तर चटकन देतो. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांची फुफ्फुसे अचानक निकामी झाली, 68 माणसे दगावली. त्याचा संबंध मुख्यतः गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याच्या, काळ्या बाजारातील व्हेप-कार्ट्रिजशी आणि त्यांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटशी होता. दुसरी भीती ‘पॉपकॉर्न लंग’ची, म्हणजे बारीक श्वासनलिका बंद होण्याच्या आजाराची. पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांना डायअॅसिटिल या लोण्याच्या वासाच्या रसायनाने तो आजार झाला होता. ब्रिटनमध्ये व्हेपच्या द्रावणात ते घालायला बंदी आहे. या दोन गोष्टींवरून बाबांना घाबरवू नका. उद्या त्यांना खरे कळले की तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्यांचा विश्वास उडेल.

माझी काळजी वेगळी आहे. व्हेप हातात आले म्हणून सिगारेट सुटतेच असे नाही. घरात, नातवंडांसमोर, बसमध्ये व्हेप आणि सकाळी चहानंतर, जेवणानंतर, रात्री गॅलरीत सिगारेट, असे दुहेरी व्यसन सुरू होते. पंधराच्या पाच झाल्या म्हणून घरचे खूश असतात. पण कमी सिगारेट ओढणारा प्रत्येक सिगारेट जास्त खोल आणि पार थोटकापर्यंत ओढतो, हे आम्ही रोज पाहतो. हृदयाचे गणित तर आणखी कठोर आहे. दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळजवळ निम्मा भरतो, असे 2018 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या विश्लेषणात दिसले. सीओपीडीचे बरेच रुग्ण शेवटी हृदयविकाराने जातात, म्हणून हे सांगतोय. आणि सिगारेट निदान संपते तरी. व्हेपला थोटूक नसते, माणूस दिवसभर मधूनमधून ओढत राहतो.

फुफ्फुसाला ‘कमी केली’ आणि ‘सोडली’ यांत किती फरक पडतो हे लंग हेल्थ स्टडी या उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवले. सुरुवातीची सीओपीडी असलेल्या 5,887 धूम्रपान करणाऱ्यांना त्यात घेतले होते. अकरा वर्षांच्या पाठपुराव्यात, ज्या पुरुषांनी सिगारेट पूर्ण सोडली त्यांची पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा वर्षाला सरासरी 30 मिलिलिटरने घटली. ओढत राहिलेल्यांची 66 मिलिलिटरने. निरोगी माणसाचीही वयाप्रमाणे जवळजवळ तीस मिलिलिटर घटतेच. म्हणजे गेलेले फुफ्फुस परत येत नाही, पण गळती वयाच्या मानाने जेवढी असायची तेवढ्यावर येते. कुठल्याही महागड्या इनहेलरने हे साधत नाही. बाबांना 62 व्या वर्षी ‘आता सोडून काय उपयोग’ वाटत असेल तर त्यांच्यापुढे हे दोन आकडे ठेवा.

भाऊ ज्या आधारावर बोलतोय तो अभ्यासही सांगायला हवा. 2019 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या या ब्रिटिश चाचणीत 886 जण होते. वर्षभरानंतर सिगारेटपासून दूर राहिलेले व्हेपच्या गटात 18 टक्के, तर निकोटिनचे पॅच, गम वगैरे घेणाऱ्यांत 9.9 टक्के. व्हेप जिंकले हे मान्य. पण त्याच अभ्यासात, व्हेपने सिगारेट सोडलेल्यांपैकी 80 टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढत होते. पॅच-गमवाल्यांत ते वापरत राहिलेले फक्त 9 टक्के. शिवाय दोन्ही गटांना सुरुवातीचे चार आठवडे दर आठवड्याला समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटायचे होते. यंत्र कुरियरने यावे आणि सिगारेट सुटावी, असे तिथेही घडलेले नाही.

आता भारताचे. इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर 18 सप्टेंबर 2019 ला अध्यादेशाने बंदी आली, डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात, सगळे गुन्हे आहेत. साठवणीला शिक्षा थोडी कमी आहे; बाकी गुन्ह्यांना पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास तीन वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. तंबाखू न जाळता गरम करणारी यंत्रेही यातच येतात. परदेशातून देशात आणणे म्हणजे आयात, मग ती कंटेनरमधून असो की भावाच्या बॅगेतून. मुंबईच्या विमानतळावर कस्टमशी हुज्जत घालत सुट्टीचा पहिला दिवस घालवण्यात काय अर्थ आहे? सिगारेट कोपऱ्यावर मिळते आणि व्हेपवर बंदी, यातली विसंगती मलाही दिसते. या कायद्यावर डॉक्टरांमध्येही दुमत आहे. पण तुमच्या बाबांच्या उपचाराचा निर्णय त्या वादावर अवलंबून नाही.

कारण समजा, ते एक यंत्र आलेच. त्यातले द्रावण काही दिवसांत संपणार. मग? मग पानटपरीवर चोरून मिळणारे. ब्रिटनमध्ये निकोटिनची कमाल मर्यादा मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम आहे, बाटलीवर ते छापलेले असते आणि छापले ते तपासले जाते. इथल्या चोरट्या मालाच्या खोक्यावर आंब्याचे किंवा बर्फाचे चित्र असते, आत काय आणि किती ते कोणीच सांगू शकत नाही. मी व्हेप लिहून देत नाही त्याचे कायद्यापेक्षा मोठे कारण हे आहे. ज्यात काय आहे ते मला ठाऊक नाही ती गोष्ट खराब फुफ्फुसात ओढायला कशी सांगू? ‘हर्बल’, ‘निकोटिन नसलेले’, ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तापवून ओढायच्या कांड्यांनाही हेच लागू. आणि तुळशीची असो की लवंगेची, सिगारेट जळली की टार आणि कार्बन मोनॉक्साइड येणारच.

तुमच्या प्रश्नात तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे डेरिफायलिन. या गोळीत थिओफायलिन असते. सिगारेटच्या धुरातला टार यकृतातले एक विकर (एन्झाइम) चेतवतो आणि थिओफायलिन शरीरातून भराभर बाहेर पडते. त्यामुळे ओढणाऱ्या माणसाला हे औषध जास्त लागते आणि डोस त्या हिशेबाने बसवलेला असतो. सिगारेट बंद झाली की आठवड्याभरात ते विकर शांत होते आणि तोच डोस रक्तात साठू लागतो. मळमळ, उलट्या, हात थरथरणे, छातीत धडधड, झोप उडणे. फारच वाढले तर हृदयाची लय बिघडते, फिटही येते. रुग्ण म्हणतो, ‘सिगारेट सोडली आणि तब्येत बिघडली’, घरचे म्हणतात, ‘एकदम सोडायला नको होती’, आणि माणूस पुन्हा टपरीवर. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, म्हणून सिगारेट सोडून व्हेप घेतले काय, पॅच लावला काय किंवा नुसत्या निर्धारावर सोडली काय, डोस पाहावाच लागतो. साधारण पाव ते एक तृतीयांश कमी करतात. ते मनाने करू नका. सोडण्याची तारीख ठरली की ती आधी डॉक्टरांना सांगा आणि ‘थिओफायलिनचे काय?’ असे स्पष्ट विचारा. हृदयाची गोळी, मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर तीही दाखवा. क्लोझापिनसारख्या औषधाचेही असेच होते.

आता द्यायचे काय? निकोटिनचा पॅच आणि जोडीला गम. ‘गम खाऊन पाहिला, काही होत नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता पुढचा प्रश्न आपोआप येतो, दिवसाला किती खाल्ले? उत्तर येते दोन. दिवसाला पंधरा सिगारेट ओढणाऱ्याची तहान दोन गमवर कशी भागेल? दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला सहसा 21 मिलिग्रॅमचा पॅच सुरू करतात, रोज सकाळी नवा, जागा बदलून, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर. तो दिवसभर एक संथ पातळी ठेवतो. आणि तलफ उसळते तेव्हा गम. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचा, नाहीतर 2 चा. पॅच आणि गम एकत्र घेतल्याने एकट्या कशापेक्षाही जास्त लोकांची सिगारेट सुटते, हे भरपूर अभ्यासांत दिसले आहे. आठ ते बारा आठवडे, मग हळूहळू कमी.

गम खायची रीत कोणी सांगत नाही. तो च्युइंग गमसारखा चघळायचा नसतो. सावकाश दहा-बारा वेळा चावायचा, तिखट झणझणीत चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. चव ओसरली की पुन्हा थोडा चावायचा. अर्धा तास हा खेळ. भराभर चघळला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, मग उचकी, छातीत जळजळ, आणि ‘मला गम सोसत नाही’. गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना कॉफी, थंड पेये, लिंबू सरबत नको, आंबट तोंडात निकोटिन शोषले जात नाही. बाबांना कवळी असेल तर गम चिकटेल, त्यांनी निकोटिनची चोखायची गोळी घ्यावी.

एवढ्याने भागले नाही तर व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. सोडण्याच्या तारखेआधी आठवडाभर सुरू करतात, डोस हळूहळू वाढवतात, बारा आठवडे देतात. भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घेतल्या नाहीत तर मळमळ होते, आणि चित्रविचित्र स्वप्ने पडतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी. हे औषध खास सीओपीडीच्या रुग्णांवर तपासले गेले आहे. सुमारे पाचशे जणांच्या चाचणीत वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेले 18.6 टक्के, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत 5.6 टक्के. आकडे लहान वाटतील, पण हे व्यसन असेच चिवट आहे, आणि एकदा हरलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जिंकतो. ब्युप्रोपिऑन हे तिसरे औषध मी थिओफायलिन चालू असताना टाळतो, दोन्हींमुळे फिट येण्याचा धोका वाढतो.

समुपदेशन फुकट मिळते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-11-2356. ती दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तिचे केंद्र आहे. फोन बाबांनी स्वतः करायचा, तुम्ही नाही.

पहिल्या महिन्याबद्दल घरच्यांना आधीच सांगून ठेवा. चिडचिड पहिले तीन-चार दिवस सर्वांत जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. कुणीही ‘ओढा एक आणि शांत व्हा’ म्हणायचे नाही. खोकला आणि बेडका काही दिवस वाढू शकतो. धुराने बधिर झालेली श्वासनलिकेतली केसाळ झाडणी पुन्हा कामाला लागते आणि साचलेले बाहेर लोटते. बद्धकोष्ठ होते. भूक वाढते, काही किलो वजन चढते, आणि सीओपीडीच्या हाडकुळ्या रुग्णाला ते चढलेले मला हवेच असते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र भिस्त ठेवू नका. ‘96 दाखवतोय, म्हणजे सिगारेटने काही बिघडत नाही’ असे म्हणणारे भेटतात. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या रक्तालाही ऑक्सिजनचे समजतो. सिगारेट बंद केल्यावर एक-दोन दिवसांत तो वायू रक्तातून जातो.

आपल्याकडची आणखी एक पळवाट सांगायलाच हवी. महाराष्ट्रात धूर ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू खाणारे कितीतरी जास्त आहेत. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर 24.4 टक्के तंबाखू, गुटखा, मशेरी यांपैकी काही घेणारे. त्यामुळे सिगारेट सोडताना हात चुन्याच्या डबीकडे वळणे फार सोपे. फुफ्फुस वाचेल, तोंडाचा कर्करोग दारात येईल. सिगारेट महाग म्हणून बिडीवर येणे तर त्याहून वाईट. तेंदूपानातून हवा जात नाही, बिडी विझू नये म्हणून जोरात आणि वारंवार झुरके मारावे लागतात, आणि टार व कार्बन मोनॉक्साइड जास्त आत जाते.

बाबा उद्या सहा महिने मुलाकडे इंग्लंडला गेले तर माझे उत्तर बदलते का? थोडे. पॅच, गम, गोळ्या सगळे नीट करून हरले असतील, आणि तिथल्या धूम्रपानमुक्ती सेवेच्या समुपदेशकाने नियमानुसार मिळणारे व्हेप दिले, तर मी आडवा येणार नाही. अट अशी की पहिल्या दिवसापासून सिगारेट शून्य आणि व्हेप बंद करण्याची तारीखही ठरलेली. घरघर वाढली, इनहेलर जास्त वेळा लागू लागला तर व्हेप बंद. आणि परत येताना ते यंत्र तिथेच. घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर मात्र इथे किंवा तिथे, कुठेच नाही. ऑक्सिजनजवळ सिगारेट पेटवणे, व्हेप ओढणे किंवा चार्जिंगला लावणे, तिन्हींनी चेहरा भाजल्याच्या घटना घडल्या आहेत. नळी नाकातून काढली तरी कपड्यांत, पांघरुणात ऑक्सिजन काही वेळ मुरलेला असतो.

पुढच्या भेटीला जाताना सगळी औषधे पिशवीत घेऊन जा. इनहेलर डॉक्टरांसमोर ओढून दाखवायला सांगा, कारण तो चुकीचा ओढणारेच जास्त असतात. वर्षभरात स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी, झाली नसेल तर करून घ्या. फ्लूची आणि न्यूमोकॉकसची (न्यूमोनियाविरुद्धची) लस विचारा. सिगारेट सुटो न सुटो, बेडका पिवळा-हिरवा आणि जास्त येऊ लागला, बोलताना वाक्य पुरे होईना, ओठ निळसर पडले, किंवा बाबा भलत्या वेळी गुंगीत राहू लागले, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.